तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बसून काय बघता?

"फॉर्म वाटा की! पन्नास जणांकडून भरून घेतले की दोन दिवसांत काम संपलं." कोल्हापूरच्या उद्यमनगरात, घरी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. कारखान्यात लोक टॅब, मशीन, कॉम्प्युटर कसे वापरतात, ते मी शेजारी स्टूल टाकून दिवसचे दिवस बघते. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात झेरॉक्सच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर असंच फिरून पाहिलं. मॅन्युअल जिथं अडायचं, तिथं कारागिरांना एकमेकांना सांगितलेले किस्से कामाला यायचे. हे फॉर्मात कोण लिहिणार?

शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. भट्टीवरच्या ऑपरेटरनं दर हीटचं, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचं, तापमान लगेच टॅबवर टाकायचं, असा नियम. फॉर्मही भरून घेतला होता मी. 'टॅब रोज वापरतो', टिक. खरंच होतं ते. पण हातात चामडी हातमोजे, त्यांनी स्क्रीन हलत नाही, आणि चौदाशे अंशांच्या रसापुढं हातमोजा काढणार कोण? तो पॅनेलच्या दारावर खडूनं आकडा लिहायचा, शेजारी वेळ. चहाच्या सुट्टीत सगळं एकदम टॅबवर चढवायचा. एक आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

मला केवढा आनंद झाला! रिपोर्टात लिहिलं, 'दुसऱ्या पाळीतला भट्टी ऑपरेटर'. नाव गाळलं की झालं, असं तेव्हा ठामपणे वाटायचं. त्या पाळीत भट्टीवर माणूसच एक होता. साहेबांनी वाचलं ते एवढंच, की नोंदीच्या वेळा खोट्या आहेत. आठवड्यात त्याला फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, टाकलं, ओव्हरटाइम बंद. मी भांडायला गेले, तर "तुमचाच रिपोर्ट आहे, मॅडम."

गेटवर तो भेटला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही लिवलं ते खरंच हाय. पण खरं लिवायला मीच घावलो व्हय?"

आता रिपोर्ट देण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवते. लोक नेमक्या मोलाच्या ओळी खोडायला लावतात, मी खोडते. मग मालक म्हणतात, यात नवीन काय? त्यांचंही चुकत नाही. हे मात्र त्याला विचारूनच लिहितेय.

फॉर्मावर थांबले असते तर त्याची भट्टी सुटली नसती, कबूल. हातमोज्याचंही कुणाला कळलं नसतं. पण कळून तरी काय झालं? टॅब अजून तोच आहे.