२४ टक्के व्याज, हातात साडेपाच: पी-टू-पी कर्जाचं खरं गणित

एक लाख रुपये, प्रत्येकी हजार याप्रमाणे १०० कर्जदारांना, वर्षाला २४ टक्के दराने, १२ मासिक हप्त्यांत. पी-टू-पी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे बँक मध्ये न घेता एका माणसाने दुसऱ्याला थेट कर्ज देण्याच्या ऑनलाइन मंचावर, असा व्यवहार सहज दिसतो. हजारामागे हप्ता बसतो ९४.५६ रुपये. बाराच्या बारा हप्ते वेळेवर आले तर हजाराचे ११३४.७२ होतात. व्याज १३४.७२ रुपये, २४० नव्हे. मुद्दल पहिल्या महिन्यापासूनच परत यायला लागतं, त्यामुळे वर्षभरात कर्जदाराकडे सरासरी ५६१ रुपयेच असतात आणि २४ टक्के लागतात ते त्या ५६१ वर. आलेला हप्ता पुन्हा कर्जाने दिला नाही, तर लाखावर जास्तीत जास्त १३,४७२ रुपये सुटतात. आणि एकही पैसा बुडाला नाही तरच.

आता धरा की सहा जणांनी तीन-तीन हप्ते भरले आणि मग फोन उचलणं बंद केलं. अशा प्रत्येकाकडून हजारापैकी २८४ रुपये आले, ७१६ अडकले. हे ७१६ भरून काढायला पाचहून जास्त प्रामाणिक कर्जदारांचं वर्षभराचं व्याज खर्ची पडतं. सहा बुडवे वजा जाता लाखावरची कमाई ८,३६६ वर येते. प्लॅटफॉर्मची फी एक टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर आणखी १,१८० गेले.

खरा घाव कराचा. व्याज ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून तुमच्या स्लॅबने करपात्र होतं. बुडालेलं मुद्दल मात्र त्यातून वजा होत नाही. बुडीत कर्जाची वजावट मिळते ती सावकारी हाच धंदा असलेल्याला. वरच्या उदाहरणात हातात आलेलं एकूण व्याज १२,९९७ रुपये आहे. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून त्यावर ४,०५५ रुपये कर बसतो. तुमचे ४,६३१ रुपये मुद्दल बुडालंय, याच्याशी कर खात्याला देणंघेणं नाही. शेवटी उरतात ३,१३१. वर्षभर सरासरी गुंतलेल्या ५६ हजारांवर हे झाले साधारण साडेपाच टक्के. त्याच स्लॅबमधल्या माणसाला सात टक्क्यांच्या एफडीवर करानंतर ४.८ टक्के मिळतात. म्हणजे जोखीम घेतली ती पाऊण टक्क्यासाठी.

सहाऐवजी दहा जण तिसऱ्या हप्त्यानंतर थांबले, तर याच हिशेबात १७४ रुपये पदरचे जातात.

किती जण बुडवतात याच्याइतकंच ते कधी बुडवतात हेही महत्त्वाचं. नऊ हप्ते भरून थांबलेल्याकडे हजारातले दीडशे रुपयेच अडकतात. पहिलाच हप्ता चुकवणारा सगळं घेऊन जातो, आणि त्यांच्यात बनावट कागदपत्रांवर कर्ज उचलणारेही असतात. म्हणून स्वतःच्या वहीत ‘पहिला हप्ता चुकला’ असा वेगळा रकाना ठेवा. एखाद्या प्लॅटफॉर्मवर तो रकाना भरायला लागला, की नवीन कर्ज देणं तिथेच थांबवा. कर्ज अधिकृतपणे थकीत ठरायला लागणारे ९० दिवस पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

प्लॅटफॉर्मला एनपीएचे, म्हणजे अधिकृतपणे थकीत ठरलेल्या कर्जांचे, आकडे वेबसाइटवर द्यावे लागतात. ते वाचताना एक खाच लक्षात ठेवा. हप्ता ९० दिवस थकल्याशिवाय कर्ज एनपीए होत नाही आणि पहिला हप्ताच महिन्याने येतो. म्हणजे गेल्या चार महिन्यांत वाटलेलं कर्ज एनपीए होऊच शकत नाही, तरी ते छेदात मोजलं जातं. वाटप जोरात वाढत असेल तर टक्केवारी आपोआप गोंडस दिसते. वाटप मंदावलं की तोच आकडा उसळतो. विचारायचं ते असं: अमुक महिन्यात वाटलेल्या कर्जांपैकी बारा महिन्यांनी किती टक्के मुद्दल थकलं? निर्लेखित केलेली, म्हणजे बुडाली म्हणून हिशेबातून काढलेली, कर्जं त्यात धरली आहेत का? उत्तर देता येत नसेल तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.

पैसे अनेक कर्जांत विभागण्याबद्दलही आकड्यांतच बोलू. बुडण्याची शक्यता सहा टक्के असेल आणि तुम्ही दहाच कर्जं दिली असतील, तर दोन किंवा जास्त बुडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. दहात दोन म्हणजे वरच्या गणितात थेट तोटा. शंभर कर्जांत वीस बुडणं जवळपास अशक्य, पण ती एकमेकांशी जोडलेली नसतील तरच. एकाच शहरातले किंवा एकाच एजंटमार्फत आलेले शंभर जण ही विभागणी नव्हे. २०२० मध्ये पगार आणि दुकानं एकदमच थांबली होती.

रिझर्व्ह बँकेचे नियम मुळात २०१७ चे. कर्ज विनातारण, मुदत ३६ महिन्यांपर्यंत, एका कर्जदाराला सगळे प्लॅटफॉर्म मिळून तुमचे जास्तीत जास्त ५० हजार. तुमची एकूण मर्यादा ५० लाख, पण दहा लाखांवर जायचं तर निव्वळ मालमत्ता किमान ५० लाख असल्याचा सीएचा दाखला लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कडक झाले: ठरावीक परताव्याची किंवा ‘कधीही पैसे काढा’ अशी जाहिरात नाही, प्लॅटफॉर्मची हमी नाही. बुडालं तर तोटा संपूर्ण तुमचा. पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण इथे नाही, कारण ही ठेवच नाही. एस्क्रो खात्यात (व्यवहाराचा पैसा ज्यातून फिरतो त्या मधल्या खात्यात) पैसा दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवता येत नाही, त्यामुळे आलेले हप्ते बँक खात्यात पडून राहतात आणि पुन्हा गुंतवणं तुमच्या शिस्तीवर उरतं.

अ‍ॅप दाखवतं त्या परताव्यावर विसंबू नका. स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने करा, तारीख आणि रक्कम. दिलेले पैसे वजा, आलेले अधिक. शेवटच्या ओळीत आजची येणी, पण काटछाट करून: वेळेवर चालू असलेल्या कर्जांचं पूर्ण मुद्दल, ३० दिवसांपर्यंत थकलेल्यांचं तीन चतुर्थांश, ३१ ते ९० दिवसवाल्यांचं एक चतुर्थांश, त्यापुढचं शून्य. ही काटछाट अंदाजाची आहे, तुमच्या वसुलीच्या अनुभवाने बदला. मग एक्सआयआरआरचं (तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारं) सूत्र लावा. पहिले सहा महिने हा आकडा फसवतो, कारण व्याज आधी येतं आणि बुडीत नंतर.

वसुलीची आशा माफक ठेवा. स्वयंचलित हप्ता बँकेतून परत गेला तर फौजदारी तक्रार करता येते, करारात लवादाचं कलमही असतं. पण तुमच्या हजार रुपयांसाठी वकील उभा राहणार नाही. वसुली होते ती बहुतेक थकबाकीच्या पहिल्या महिन्यात, फोनवर, किंवा सिबिल खराब होण्याच्या धाकाने.

बाहेर पडायचं ठरवलं तर ऑटो-इन्व्हेस्ट (आलेले पैसे आपोआप पुन्हा कर्जाने देण्याची सोय) बंद करायचं आणि वाट पाहायची. दुसऱ्या धनकोचा पैसा वापरून तुम्हाला मोकळं करायला प्लॅटफॉर्मला मनाई आहे. तीन वर्षांचं कर्ज काल दिलं असेल, तर शेवटचा हप्ता तीन वर्षांनीच येईल.