बर्फातला ब्लॉक

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, निम्मे सहकारी गावी गेलेले. अशात वाळपईचा एक गृहस्थ थर्माकोलचा खोका घेऊन थेट आमच्या कर्करोग केंद्राच्या प्रयोगशाळेत आला. आत बर्फ, बर्फात घट्ट बांधलेली पिशवी, आणि तिच्यात बहिणीच्या स्तनातल्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा.

"मेण वितळलं तर काय करायचं?"

ते कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये वितळलं नसतं. त्याला साठेक अंश तापमान लागतं. पण तीन-चार मायक्रॉनचे काप काढण्याआधी ब्लॉक आम्हीही बर्फावरच ठेवतो. आमची टेक्निशियन खूश झाली.

आधीच्या तपासणीत हर-टूचा, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचा, निकाल २+ होता, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी फिश, म्हणजे चमकणाऱ्या रंगांची चाचणी, करून त्याच्या जनुकाच्या प्रती मोजतात. जनुकाला चिकटणारा रंगीत प्रोब कापावर घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आमच्या प्रोबमध्ये लाल ठिपका हर-टूचा, हिरवा सतराव्या गुणसूत्राचा. सुरुवातीच्या पेशी अगदी साळसूद: दोन लाल, दोन हिरवे. स्लाइड सरकवत कडेला गेले तर तिथल्या पेशींत लाल ठिपक्यांचे नुसते घोस, मोजता येईनात! एकाच गाठीत दोन स्वभावांच्या पेशी. माझं संशोधन नेमकं यावरच आहे, त्यामुळे आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली. पॅथॉलॉजिस्ट बाईंना बोलावलं. त्यांनी स्वतंत्रपणे मोजून अहवाल पॉझिटिव्ह दिला. दोन्ही भागांची नोंद वेगवेगळी केली.

"लाल जास्त म्हणजे वाईट ना?" भावाने विचारलं.

उपचारांचं डॉक्टरच सांगतील, म्हटलं. पण प्रश्न टाळावासा वाटला नाही. अशी गाठ झपाट्याने वाढते, हे खरं. मात्र १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि याच लाल ठिपक्यांमुळे त्याला नेमकी जागा मिळाली. भारतात २०१४ मध्ये बायोकॉनचं त्याच धर्तीचं औषधही बाजारात आलं. तो म्हणाला, "म्हणजे औषध आहे." एवढंच त्याला हवं होतं.

उरलेले काप संशोधनासाठी वापरायचे तर सही बहिणीचीच लागते. संमतीपत्र त्याच्याबरोबर पाठवलं. चवथीनंतर ते परत आलं, वळणदार अक्षरात भरलेलं. पुन्हा संपर्क साधला तर चालेल का, या प्रश्नापुढे हो-नाहीऐवजी तिने लिहिलं होतं: सातनंतर करा, दिवसा शाळेत असते.