दाबाची नोंद : रोजची चढउतार वजा केल्यावर काय दिसतं

हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाला जोडून कपाटावर ठेवलाय. दाब घरात आणि बाहेर सारखाच असतो, त्यामुळे गच्चीवर ऊन-पावसात टांगायची गरज नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, म्हणून कच्चा आकडा ९४५-९५० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) घरात येतो. हवामान खात्याच्या नकाशाशी ताडण्यासाठी तो समुद्रसपाटीला आणायचं, म्हणजे तिथे तो किती भरला असता हे काढायचं गणितही बसलंय.

या खेपेचं खरं काम वेगळं होतं. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो : सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. आकाश निरभ्र असलं तरी दुपारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कल उतरतातच. त्यामुळे युरोपातल्या जुन्या दाबमापकांवर छापलेले ‘पाऊस’, ‘वादळ’ हे शब्द इथे कामाचे नाहीत.

म्हणून आलेखावर दुसरी रेघ काढली : आत्ताचा दाब वजा काल याच वेळचा दाब. शांत हवेत ती शून्याला चिकटून राहते. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकू लागलं की रेघ झुकते. झुकते जेमतेम दोनेक हेक्टोपास्कल, पण सलग. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते पुढचं. ते क्षेत्र पुण्यावर येतच नाही. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या अंगाला अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात, सह्याद्रीवर चढतात आणि ताम्हिणी, लोणावळ्याला झोडपून काढतात. घाटाच्या आडोशाला असलेल्या पुण्यात मात्र नुसती भुरभुर. अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून बघा : कमी दाब डाव्या हाताला, जरा पुढे.

आता वाऱ्याची दिशा नोंदवायची सोय करतोय. शिवाय विदर्भात कुणी असाच सेन्सर चालवत असेल तर जरूर कळवा. वारा हलतो तो दोन ठिकाणांच्या दाबातल्या फरकाने, आणि नागपूर-पुणे फरकाची रेघ मला फार पाहायची आहे. फक्त त्याआधी दोन्ही सेन्सर काही दिवस शेजारी ठेवून त्यांच्यातली कायमची तफावत काढावी लागेल, कारण बीएमपी२८०चा आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने इकडेतिकडे असू शकतो, आणि आपल्याला हवा असलेला फरकच मुळात लहान आहे.