जेलवर न दिसणारं हिमोग्लोबिन

व्हायलवर नाव नव्हतं, फक्त नंबर. विदर्भातल्या एका सिकलसेल वाहकाचं रक्त, त्याच्या संमतीनं पुण्याला आमच्या लॅबमध्ये आलेलं. हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या ओढीनं वेगळे करणारं जेल आधीच चालवून झालं होतं. दोन पट्टे: एक नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, दुसरा सिकलचा. वाहकाचा रिपोर्ट असाच येतो.

पण हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं, दोन अल्फा आणि दोन बीटा. वाहकाच्या पेशीत दोन्ही तऱ्हेच्या बीटा शेजारी-शेजारी तयार होतात. मग एक साधी नि एक सिकल असा मिश्र रेणू असणारच! जेलवर तो सापडत नाही, कारण हिमोग्लोबिन सतत अर्धं-अर्धं सुटतं आणि पुन्हा जुळतं. विजेच्या ओढीत दोन अर्धे वेगळ्या वाटेला लागले की परत भेटत नाहीत. मला तो मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, अखंडच तोलायचा होता.

सिकल बीटात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं, म्हणून वजन ३० डाल्टननं घटतं (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). अख्खा रेणू साधारण ६४,४५० डाल्टनचा, त्यातले हे ३०. सोडियमचा एक अणू चिकटला तरी २२ वाढतात. सकाळी नेमकं तेच झालं: स्क्रीनवर नुसता जाड उंचवटा.

"मीठ राहिलंय. परत धू," मॅडम म्हणाल्या.

अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये आणखी दोनदा धुतलं. एरवीचं आम्ल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल इथे चालत नाही, साखळ्या सुट्या होतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या सुईत जेमतेम तीन मायक्रोलिटर भरले, चिमट्यानं टोक किंचित मोडलं आणि व्होल्टेज हळूहळू चढवलं.

यंत्र दाखवतं ते वजन भागिले विद्युतभार. १७ चार्जच्या जागी, ३७९० च्या आसपास, तीन शिखरं उभी राहिली. शेजारच्या दोघांत अंतर दोनपेक्षाही कमी. आणि मधलं सगळ्यांत उंच! मी वहीत हिशेब मांडला: सिकल बीटा ४० टक्के धरल्या, तर मिश्र ४८ टक्के, निव्वळ सिकल फक्त १६. वाहकाच्या रक्तातली बहुतेक सिकल बीटा साध्या बीटाच्या जोडीला बसलेली असते, हे पाठ होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

"मॅडम, बघा ना!"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन वेगळी रक्तं मिसळून बघ."

साधं आणि सिकल, दोन्ही धुतलेले नमुने निम्मे-निम्मे घेतले. मिसळून सुई भरेपर्यंत मिनिटही गेलं नसेल. मधलं शिखर तिथं आधीच होतं, कडेच्या दोघांच्या दुप्पट उंच.