पात्यात काय दिसतंय ते आधी बघा : चाकूंचे फोटो आणि स्कॅन, पुढची नोंद

चाकूंचे फोटो आणि स्कॅन काढण्याच्या माझ्या प्रयोगांची गाडी मागच्या नोंदीनंतर बरीच पुढे सरकली आहे. मुख्य फरक पडला तो प्रकाशाकडे बघण्यात. पॉलिश केलेलं पातं हा आरसा आहे. त्याच्यावर कितीही उजेड पाडा, फोटोत येतं ते त्याच्यासमोर असलेल्या वस्तूंचं प्रतिबिंब. म्हणून आता दिवा लावण्याआधी लेन्सच्या जागी डोळा नेतो आणि पात्यात बघतो. छत दिसतंय, खिडकी दिसतेय की माझाच शर्ट?

सध्याची मांडणी साधी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, नजर सरळ खाली. चाकूच्या एका बाजूला ट्रेसिंग पेपर ताणलेली मोठी चौकट, तिच्यामागे एकच एलईडी दिवा. पात्याच्या पाठीखाली खोडरबराचा तुकडा सरकवून पातं चौकटीकडे किंचित कलतं करतो, म्हणजे पांढरा कागद पात्यावर पूर्ण उतरतो. दिवा मुद्दाम कागदाच्या एका कडेजवळ ठेवतो. कागदावर उजेड हळूहळू मावळत जातो, तोच उतार पोलादावर येतो आणि धातू धातूसारखा दिसतो. सगळीकडून सारखाच उजेड दिला तर पातं निर्जीव वाटतं.

खरी गंमत बेव्हलची, म्हणजे धारेकडे उतरत जाणाऱ्या घासलेल्या भागाची. सपाट भाग एकीकडे बघतो, बेव्हल दुसरीकडे, आणि धारेची बारीक पट्टी तिसरीकडेच. प्रत्येकीला काय दाखवायचं ते वेगळं ठरवावं लागतं. सपाट भागाला पांढरा कागद आणि बेव्हलला काळं कार्ड दिलं की दोन्हींमधली ग्राइंडची रेघ (घासकाम जिथे सुरू होतं ती सीमा) आखल्यासारखी उठून येते. मला हा फोटोतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण घडवणाऱ्याचा हात तिथेच कळतो. टँगवरचा (पात्याच्या मुठीकडच्या बुडावरचा) शिक्का मात्र अगदी तिरप्या, खालून घासून जाणाऱ्या उजेडातच वाचता येतो.

सेटिंग्ज नेहमीच्याच: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले बाकीचे दिवे बंद. फोन वापरणाऱ्यांनी लांब उभं राहून २एक्स किंवा ३एक्स लेन्स घ्यावी. वाइड लेन्स जवळ नेली की जे टोक जवळ असेल ते फुगतं.

आता स्कॅनर. फ्लॅटबेडमध्ये, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये, प्रकाश तिरपा येतो, त्यामुळे काचेवर सपाट टेकलेलं मिरर पॉलिश तो सेन्सरपासून दूर परतवतं आणि स्कॅनमध्ये काळं पडतं. सॅटिन फिनिशच्या (एकाच दिशेने बारीक घासलेल्या पात्याच्या) रेघा दिव्याच्या पट्टीला समांतर असतील तर उजळतात. चाकू नव्वद अंशांत फिरवला की त्याच रेघा मंदावतात. दोन्ही स्कॅन घेऊन ठेवावेत. घडीच्या चाकूत मूठ जाड असल्याने पातं काचेपासून काही मिलिमीटर वर राहतं. सीसीडी स्कॅनर (आत आरसे आणि लेन्स असलेला) ते बऱ्यापैकी सांभाळतो, सीआयएसमध्ये (काचेलगत सेन्सर असलेल्या पातळ स्कॅनरमध्ये) मात्र धूसर होतं, कारण त्याची फोकसची खोली फारच कमी असते. काचेवर पारदर्शक फिल्म अंथरतो, झाकण उघडंच ठेवून वरून काळं कापड तंबूसारखं टाकतो.

मग स्कॅनचा उपयोग काय? मापाचा. ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) २५.४ मिलिमीटरचे ६०० पिक्सेल होतात, म्हणजे १० सेंटीमीटरचं पातं साधारण २,३६० पिक्सेल लांब येतं. धार लावण्याआधीचा आणि नंतरचा स्कॅन एकमेकांवर ठेवला की पोलाद किती गेलं, टोकाचा आकार बदलला का, हे स्पष्ट दिसतं. हे काम फोटो इतक्या भरवशाने करत नाही.

प्रत्येक सत्राआधी पातं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि काम संपल्यावर कार्बन स्टीलला लगेच तेलाचा हात देतो. बोटांच्या ठशांतून गंज धरायला फार वेळ लागत नाही.

पुढचा प्रयोग मुठींवर. लेन्सवरचा नुसता पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) धातूची चमक घालवत नाही. दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावून दोन्ही काटकोनात आणले की लाकडावरच्या पॉलिशची चकाकी जाते आणि शिरा खऱ्या रंगात दिसतात. त्या वेळी पातं जवळजवळ काळं होतं, तेव्हा मुठीसाठी एक फ्रेम, पात्यासाठी फिल्म काढून दुसरी, आणि नंतर दोन्ही जोडायच्या. कॅमेरा मधे जराही हलता कामा नये, म्हणून शटरसाठी रिमोट जोडून ठेवलाय.