हळद-कडुलिंब लावून बघितलंस का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, शाळेच्या गेटवर, लिफ्टमध्ये, लेकीचे इसबाने (एक्झिमाने) भरलेले कोपर दिसले की कुणीतरी विचारतंच, "अगं हळद-कडुलिंबाचा लेप लावून बघितलास का?" आणि आता लावत नाही म्हटलं की मी आयुर्वेदाची शत्रू. एकदाच लिहून टाकते.

लावलाय. ती दीड वर्षाची असल्यापासून. सासूबाई पाट्यावर ओली हळद आणि कोवळा पाला वाटायच्या, मीच हौसेने लावायचे. झबली पिवळी झाली, इसब तिथेच. कधी चार दिवस बरं वाटायचं, पण इसब आपोआपसुद्धा कमीजास्त होतं ना, मग लेपाने उतरलं की आपसूक, हे घरात बसून कसं कळणार?

लगेच हळदीचं पेटंट सांगू नका, मीही तेच सांगत फिरायचे. १९९५ ला मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने, भांडून १९९७ ला रद्द करायला लावलं, मला आजही अभिमान आहे. पण त्यात ठरलं काय, तर हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतं. इसबाला गुण येतो का हा प्रश्नच तिथे नव्हता. आणि २०१७ ला औषध-रसायनशास्त्रातल्या लोकांनी हळदीतल्या कर्क्युमिन या मुख्य घटकावरचं संशोधन तपासलं तेव्हा प्रयोगशाळेतलं ढीगभर होतं, पण प्लासिबोशी (नुसत्या दिखाऊ औषधाशी) तुलना करून यशस्वी ठरलेली डबल-ब्लाइंड चाचणी, म्हणजे कुणाला खरं औषध मिळतंय हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही, अशी त्यांना एकही सापडली नाही.

आता डबीचं. हे फार कुणाला सांगितलेलं नाही.

ती पाच वर्षांची असताना ओळखीतून एक बिननावाची पांढरी डबी मिळाली, शुद्ध वनस्पतींचं मलम म्हणे. तिसऱ्या दिवशी चट्टे गेले. ती रात्रभर झोपली आणि मी उठून उठून बघत होते की ही खाजवत का नाहीये. पाच जणींना मी ते मलम सुचवलं. चार महिने दिवसातून दोनदा चोपडलं, हर्बलच आहे, जास्त लागलं तर काय होतंय. मग डबी मिळायची बंद झाली आणि आठवड्याभरात अंग भाजल्यासारखं लाल, मानेतून पाणी गळतंय, आणि ती रडत म्हणतेय आई माझी कातडी काढून टाक. स्किनच्या डॉक्टरांनी कोपराच्या घडीत बोट ठेवून विचारलं, कुठलं स्टेरॉइड लावत होतात? मी भांडले त्यांच्याशी. आम्ही स्टेरॉइडला घाबरतो म्हणून तर हे लावलं! त्यांनी दाखवलं, कातडी पातळ, शिरा दिसतायत, ताणाचे व्रण. तपासायला डबी उरली नव्हती, त्यामुळे छातीठोक आरोप मी करत नाही. पण लंडनमध्ये ११ चिनी हर्बल क्रीम तपासली होती, १९९९ चा पेपर आहे, ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं.

सासूबाई म्हणतात, डबीचा राग माझ्या पाल्यावर का? बरोबर आहे त्यांचं. कडुलिंब प्रयोगशाळेत जंतू मारतो, इसबाच्या कातडीवर स्टॅफ जंतू माजलेले असतात, म्हणजे कदाचित त्यात काही असेलही. उद्या नीट चाचणी निघाली तर लेकीचं नाव देईन? कधी वाटतं देईन, कधी नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो.

व्रण राहिलेत. परवा तिने विचारलं, आई हे कशाचे? मी तिला वेणी घालायला बसवलं.