गुरू-शनीच्या युतीसाठी पठारावर

21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनीची युती होती, म्हणजे दोघं आकाशात अगदी शेजारी दिसणार होते. त्या संध्याकाळी आम्ही ते पठार निवडलं, कारण तिथून नैर्ऋत्येचं क्षितिज पूर्ण मोकळं दिसतं. जाण्या-येण्यात सांगण्यासारखं काही नाही. युतीसाठी काळोखी जागा शोधत लांब जाणाऱ्यांची मात्र मला हळहळ वाटते. त्या दिवशी गुरूची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका ग्रह तेजस्वी) उणे 2 होती, शनीची 0.6, भर शहरातल्या उजेडातही दोघं दिसले असते. आड येतात ती झाडं, इमारती आणि क्षितिजालगतची धुरकट हवा. दोघं सूर्यापासून जेमतेम 30 अंशांवर, म्हणजे सूर्यास्तानंतर दोनेक तासांत मावळणार. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात. जागा ठरवताना क्षितिजावर तेवढीसुद्धा अडचण नको.

दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवली होती. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत नळीत ऊन हवा हलत राहते आणि ग्रहाचं बिंब उकळत असल्यासारखं दिसतं. दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर, 1200 मिमी. त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मिमीने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं. आधी 25 मिमीचा आयपीस लावून, म्हणजे 48 पटीला ग्रह मधोमध आणले, मग 10 मिमीचा लावून 120 पट केलं.

आणि दोघं एकाच दृश्यात! अंतर अवघं 6 कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. गुरूचे पट्टे, त्याचे चंद्र आणि शेजारी कड्यांसकट शनी. शनीची कडी टोकापासून टोकापर्यंत गुरूच्या बिंबाइतकीच रुंद दिसत होती, हे मला फार भावलं. गुरू आपल्यापासून सुमारे 89 कोटी किमीवर, शनी 162 कोटींवर. शनी मंद दिसतो, कारण त्याच्यावर पडणारं ऊन गुरूवरच्या उन्हाच्या साधारण पाव आहे. म्हणूनच फोटोत दोघं एकदम नीट येत नाहीत: शनीसाठी एक्स्पोजर वाढवलं की गुरूचे पट्टे जळून पांढरे होतात. दोन वेगळे फोटो काढून जोडावेत.

गर्दीचं मात्र दुःख आहे. 120 पटीला ग्रह दृश्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शंभरेक सेकंदांत सरकतो. पृथ्वी फिरते, त्याला इलाज नाही. रांगेतला माणूस फोन आयपीसला टेकवून उभा राहिला की मागच्याला रिकामं आकाश दिसतं. कुणी आधारासाठी नळीच धरतं. मोटारींचे दिवे तर थेट डोळ्यांवर. रांग असेल तर 48 पटच ठेवावी. अंशभर रुंद दृश्य मिळतं आणि दुर्बीण दर माणसामागे हलवावी लागत नाही. आधाराला शेजारी एक स्टूल हवं.

खरं तर एवढी गर्दी एकाच संध्याकाळी व्हायचं कारण नव्हतं. आदल्या संध्याकाळी अंतर साधारण 10 कला होतं, दुसऱ्या दिवशी 8. त्याच आयपीसमध्ये दोन्ही दिवशी जोडी आरामात मावत होती. युती म्हटलं की लोक तारखेला धरून बसतात, आणि त्याच दिवशी ढग आले की संपलं. आधीचे दोन-तीन दिवस हाताशी ठेवून जावं, म्हणजे अंतर घटत जाताना पाहायला मिळतं.

गुरू-शनीची युती साधारण 20 वर्षांनी होतेच. पण पृथ्वीच्या कक्षेशी गुरूची कक्षा 1.3 अंशांनी आणि शनीची 2.5 अंशांनी कललेली, त्यामुळे बहुतेक वेळा दोघं एकमेकांच्या वरून-खालून निघून जातात. 1623 ची युती याहून जवळची होती, पण सूर्याच्या फार लगत. 2040 मध्ये अंतर अंशाहून जास्त असेल, तेव्हा 10×50 ची (10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरे. पुन्हा 6 कला व्हायला 15 मार्च 2080 ची पहाट उजाडेल.